कॅमेऱ्यातली हिरवी रेघ

आमच्या गावाहून हदगाव, तिथून नांदेड, नांदेडहून लातूर, हा काही जगावेगळा प्रवास न्हाई. लोक बाजाराला, दवाखान्याला, पोरीच्या घरी जातच असतात. पण माझ्यासारखा म्हातारा गळ्यात कॅमेरा अडकवून एसटीत चढला, त्यामुळं गावात नाना गोष्टी उठल्या. कुणी म्हणलं, कॅमेरा विकायला गेला. कुणी म्हणलं, बायको गेल्यापासून डोकं फिरलं. तर काय झालं ते मीच लिहितो. माझी शाळा चौथीपर्यंत, तेव्हा अक्षराकडं बघू नका.

जन्मभर मी पिठाची गिरणी चालवली. गिरणीवाल्यावर अख्ख्या गावाचा संशय असतो. दळण घेऊन आलेली बाई पिठाकडं न बघता माझ्या हाताकडं बघायची. लोकांनी माझ्यावर संशय घेतला, मी लोकांवर घेतला, त्यात उमर गेली. आजही कुणी 'भरवसा ठेवा' म्हणलं की मी आधी तराजू बघतो.

गया माझी बायको. ती होती तोवर तिचं नाव मी तोंडातून काढलं न्हाई, आता कागदावर लिहून राहिलो. मागच्या चैत्रात ती गेली. छातीत कळ आली, हदगावची गाडी येईपर्यंत संपलं. त्याच्या आधीच्या दिवाळीत आमचे जावई गणेशराव यांनी आम्हाला त्यांचा जुना कॅमेरा दिला होता. लातूरला लग्नाचे फोटो काढायचा त्यांचा धंदा, त्यांनी नवा घेतला म्हणून जुना आम्हाला. संक्रांतीला गया नवं लुगडं नेसून दारात उभी राहिली. एक हात चौकटीवर, पायाखाली नुकताच धुतलेला ओला ओटा. कॅमेऱ्याच्या काचेवर एक आडवी रेघ दिसते. कॅमेरा कलता असला की पिवळी, सरळ झाला की हिरवी. मी रेघ हिरवी होईपर्यंत गयाला उभी ठेवली. ती म्हणाली, "फोटो काढून राहिले का भिंत बांधून राहिले?" आणि हसली. तेवढ्यात मी बटण दाबलं. तिचा हसरा फोटो तेवढाच हाय.

वर्षश्राद्ध जवळ आलं तसा तो फोटो हदगावहून मोठा करून आणला. आणून बघतो तर गया डावीकडं कललेली. चौकट बी कललेली, भिंत बी. माझी थोरली बहीण आक्का आली होती. तिनं फोटोवर बोट ठेवलं. म्हणाली, "बघ, तेव्हाच हिचा तोल गेला होता. तुला दिसलं कसं न्हाई?"

ही गोष्ट मला लागली. गया शेवटच्या दिवसापर्यंत डोक्यावर घागर घेऊन ताठ चालली. मी गवंड्याकडून ओळंबा आणला, म्हणजे ते दोरीला बांधलेलं वजन, आणि चौकटीला लावला. चौकट एकदम सरळ. मग माझा हात वाकडा असेल, असं आक्का म्हणाली. बायको वाकडी, न्हाई तर नवरा वाकडा, यंत्र मात्र सरळ. वर्षश्राद्धाला सगळे पाहुणे येणार आणि सगळे तेच बोलणार. म्हणून मी कॅमेरा गळ्यात घातला, फोटो पिशवीत घेतला आणि निघालो.

नांदेड

नांदेडात उतरल्यावर आधी पोट. गुरुद्वाऱ्याच्या लंगरात बसलो. चपला ठेवायला दिल्या त्या परत मिळतील का, हा घोर पहिल्या घासापासून. डाळ चांगली दाट, रोटी गरम. आमच्याकडं पंगतीत वाढणारा माणूस बघून वाढतो, ओळखीच्याला दोन भजे जास्त. इथं मला कुणी ओळखत न्हाई तरी रोटी पुढं येतच राहिली. यात काही तरी मतलब असेल म्हणून मी शेवटपर्यंत वाट बघितली. काही निघाला न्हाई. चपला बी मिळाल्या.

तिथून गोदावरीच्या घाटावर गेलो. मनात होतं, नदीपलीकडचा काठ समोरून घ्यायचा, रेघ हिरवी ठेवायची, मग कळेल. तर दर्शनाला आलेलं एक पंजाबी कुटुंब माझ्यापुढं रांगेत उभं राहिलं. गळ्यातला कॅमेरा बघून त्यांना वाटलं, हा घाटावरचा फोटोवाला. मी न्हाई न्हाई म्हणत होतो, पण त्यांच्या आजीनं ओढणी नीट केली आणि माझ्याकडं बघून हसली. काढला फोटो. रेघ हिरवी होईस्तोवर त्यांना बी उभं ठेवलं. सगळे काचेत बघायला आले. माणसं छान आली होती, पण मागची गोदावरी एका बाजूला सांडून राहिली होती. त्यातला एक मोठा माणूस म्हणाला, "बाबाजी, आप तो नदी ही गिरा देंगे." सगळे हसले. मी हसलो न्हाई. गया एकटी कलली न्हाई, एवढं माझ्यापुरतं कळलं. पण आक्का म्हणेल, तुझा हात.

नांदेडातच वजिराबाद भागात एक जुना फोटो स्टुडिओ हाय. मालक सलीमभाई. त्यांच्या वडलांनी आमच्या लग्नात फोटो काढला होता, तो पावसात गेला. सलीमभाईंनी चहा सांगितला. चहा आला की मी सावध होतो. कॅमेरा त्यांच्या हातात न देता मीच काउंटरवर ठेवला. रेघ पिवळी. ते म्हणाले, काउंटरच वाकडा असेल. मग मी गिरणीतलं केलं. तराजूवर संशय आला की आम्ही पारडी अदलाबदल करतो, या पारड्यातला माल त्या पारड्यात. तसा कॅमेरा त्याच जागी उलट तोंडानं फिरवून ठेवला. काउंटर वाकडा असता तर रेघेनं बाजू बदलली असती. ती आधी जिकडं कलली होती तिकडंच कललेली राहिली.

सलीमभाई म्हणाले, बराबर हाय, पण अजून एक बघू. त्यांनी छताच्या हुकाला दोरा बांधला, दोऱ्याला किल्ल्यांचा जुडगा लटकवला, कॅमेरा तीन पायांवर बसवला आणि रेघ हिरवी करून दोऱ्याचा फोटो काढला. फोटोत दोरा वारा लागल्यासारखा तिरका. पंखा तर बंद होता.

त्यांनी सांगितलं ते मला समजलं तसं सांगतो. या कॅमेऱ्यात पाणी न्हाई, बुडबुडा न्हाई. आत एक बारीक चीप असते, तिला जमिनीची ओढ कळते. ती काही सोनाराचा काटा न्हाई. जरा इकडं तिकडं असलं तरी रेघ हिरवीच राहते. कॅमेरा हलवून लगेच बघितलं तर चुकते, आदळला तर चुकते. "हिरवा म्हणजे बराबर नाही चाचा," ते म्हणाले. "हिरवा म्हणजे, चलो, जाने दो."

मी म्हणलं, म्हणजे सगळेच चोर.

ते हसले. म्हणाले, चोर न्हाईत, पण थोडी सूट सगळेच घेतात. तुमचा मात्र तेवढ्याच्याही पलीकडं गेला. एक तर पडला असेल, न्हाई तर कुणी तरी हातानं केलंय. काही कॅमेऱ्यांत सोय असते, सपाट जागेवर ठेवून 'हीच सरळ' असं त्याला शिकवता येतं. तुमच्यात हाय. कुणी चुकीचं शिकवलं असेल तर तो बिचारा तेच धरून बसणार.

पडलेला न्हाई हे मला पक्कं ठाऊक. तो गयानं तिच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून धान्याच्या कोठीवर ठेवलेला. मग हातानं कुणी केलं? आमच्याआधी तो एकाच माणसाच्या हातात होता.

सलीमभाई म्हणाले, फोटो आत्ता सरळ करून देतो. कॉम्प्युटरवर गया सरळ झाली, पण चार कोपरे तिरके कापले गेले. चौकटीवरची तिची बोटं गेली, खालची पावलं गेली. ते म्हणाले, हरकत न्हाई, बोटं कॉम्प्युटर भरून काढतो. आणि खरंच, बघता बघता तिथं बोटं उगवली. गोरी, लांब, नखं पॉलिश केल्यासारखी. गयाच्या करंगळीला विळ्याची खूण होती, नख वाकडं होतं. माझ्या बायकोच्या हाताला दुसरीची बोटं लावून राहिले तुम्ही, असं म्हणून मी फोटो पिशवीत टाकला. सलीमभाईंनी वाईट वाटून घेतलं न्हाई. चहाचे पैसे बी घेतले न्हाईत. ते का घेतले न्हाईत, यावर मी लॉजवर बराच विचार केला.

लातूरच्या वाटेवर

लोह्यापर्यंत कॅमेरा मांडीवर चालू ठेवून बसलो. एसटी ज्या खड्ड्यात जाई त्या खड्ड्याचा हिशोब रेघेत दिसे. शेजारी धोतरवाले एक पाहुणे होते, त्यांना वाटलं हे गाडीचं काही यंत्र हाय. विचारलं, पुढचा टायर कमी हाय का? मी म्हणलं, हाय. ते उठून कंडक्टरला सांगायला गेले. कंडक्टरनं त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. अहमदपूरपर्यंत मी कॅमेरा बंद ठेवला.

अहमदपुरात गाडी थांबली तेव्हा भजे घेतले. तेल काळं. आमच्याकडं भज्यासोबत तळलेली मिरची मागावी लागत न्हाई, इथं मागितल्यावर दिली. पुढं रान मोकळं, हरभरा निघालेला, काळ्या ढेकळांवर ऊन. गया असती तर खिडकीजवळ बसून कुणाच्या रानात काय पेरलं होतं ते सांगत राहिली असती. मी खिडकीकडं पाठ केली आणि जावयाला काय विचारायचं ते मनात घोळवलं.

लातूर

माझी पोरगी संगीता एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहते. लातुरात घरात शिरलं की देवाआधी पाण्याचे ड्रम दिसतात. नळ रोज येत न्हाई, म्हणून ड्रम, टाकी, हंडे, बादल्या, सगळं भरलेलं आणि झाकलेलं. पाहुण्याला पाणी देतात तेव्हा अर्धा पेला देतात, लागलं तर परत. पहिल्यांदा आलो तेव्हा मला हा कंजूसपणा वाटला होता. तो लातूरचा रिवाज हाय.

येसराची आमटी, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. येसर, म्हणजे भाजलेल्या धान्या-मसाल्याचं पीठ, गयानंच करून दिलेलं, शेवटचं. डब्याचा तळ दिसत होता. संगीता पुरवून पुरवून वापरते. मी एकच वाटी घेतली.

जेवताना गणेशरावांनी विचारलं, "मामा, कॅमेरा घेऊन फिरून राहिले, छंद लागला काय?" मी म्हणलं, लागला. माणूस जेवू घालत असताना त्याला चोर म्हणता येत न्हाई. ते म्हणाले, उद्या औशाला किल्ल्यात एका नवरा-नवरीचे फोटो काढायचे हायेत, चला. मी लगेच हो म्हणलं. घराबाहेर गाठावा असंच मला पाहिजे होतं.

औसा

औशाचा किल्ला लांबून दिसत न्हाई. किल्ला म्हणलं की मान वर करायची, इथं खाली उतरायचं. खोलगट जागेत बांधलेला, भोवती खंदक. चढून येणाऱ्याला वरून दिसेल असा किल्ला सगळे बांधतात, हा लपून बसलेला. बांधणारा माझ्यासारखाच संशयी असावा.

नवरीनं बुटावरून घागरा उचलून धरलेला, नवरा मोबाईलमध्ये. लग्नाआधी असे फोटो काढतात म्हणे. आमच्या वेळी लग्नाआधी एकमेकांकडं बघितलं तरी मामा डोळे वटारायचा. त्यांचं चालू असताना मी तटाच्या एका दगडावर माझा कॅमेरा ठेवला आणि गणेशरावांना म्हणलं, तुमचा बी ठेवा. त्यांच्या नव्या कॅमेऱ्याची रेघ हिरवीला लागून जरा पिवळी, माझ्याची भलतीच तिरकी. दोन्ही उलट तोंडानं फिरवून ठेवले. त्यांच्या रेघेनं बाजू बदलली, माझ्या रेघेनं न्हाई.

मग मी विचारलं. "जावईबापू, रेघ खोटी हाय हे तुमाला ठाऊक होतं का?"

ते आधी हसले, मग माझ्या तोंडाकडं बघून थांबले. म्हणाले, "मामा, तुमाला खोटा माल देईन का मी? मामीला देईन?"

मी म्हणलं, धंद्यातला माणूस कुणाला काय देईल सांगता येत न्हाई. मी बी धंदाच केला.

त्यांना हे झोंबलं. आम्ही गाडीवरून परत निघालो. वाटेत निलंगा राईसचा गाडा लागला, तिथं थांबून माझ्यासाठी एक प्लेट घेतली, स्वतः उभे राहिले. पिवळा भात, मूठभर शेंगदाणे, लई तिखट. मी सगळा खाल्ला. त्यांच्यासाठी बी एक घ्या म्हणावं, असं मनात आलं, पण म्हणलं न्हाई.

घरी आल्यावर त्यांनी कॉम्प्युटर लावला आणि त्याच जुन्या कॅमेऱ्यानं काढलेली लग्नं दाखवली. मांडवाचे खांब सरळ, देवळं सरळ, घोडा सुद्धा सरळ. म्हणाले, बघा. माझ्याकडं होता तोवर ठीक होता. तुमच्याकडं आल्यावर बिघडला.

म्हणजे फिरून गोष्ट आमच्याच घरात आली. आणि घरात दोनच माणसं होती, त्यातला मी फोटो काढायचं सोडून कॅमेऱ्याच्या दुसऱ्या बटणांना हात लावत न्हाई.

त्या दुपारी नळ आला. संगीतानं सगळं भरून घेतलं आणि उरलेल्या पाण्यानं हॉल धुवायला काढला. फरशी गुळगुळीत, आरशासारखी. पाणी टाकलं की तिथंच उभं. ती रबराच्या दांड्यानं ढकलत मोरीकडं न्यायची, पाणी परत यायचं. घाम पुसत म्हणाली, "आबा, बिल्डरनं फरशीला ढाळच दिला न्हाई बघा. मायचा ओटा कसा, भिंतीपाशी बादली ओतली की पाणी आपलं आपण अंगणात."

मी म्हणलं, गवंड्याच्या उरावर बसून करून घेतला होता तिनं तो ढाळ. पाणी थांबलेलं तिला चालत नव्हतं. शहाबादी फरशी दोनदा उखडायला लावली. डोळ्याला सपाट दिसतो, पण भिंतीकडून अंगणाकडं उतरता हाय.

गणेशराव खुर्चीत सरळ झाले. "मामा," ते म्हणाले, "ओट्याला ढाळ हाय?"

हाय की, म्हणलं.

मग त्यांनी सांगितलं. दिवाळीच्या दिवशी मी गिरणीवर होतो, बेसनाची गर्दी. कॅमेरा देण्याआधी त्यांनी आपले फोटो, आपलं शिकवलेलं सगळं पुसून तो कोरा केला, त्यात रेघेचं बी पुसलं. मग रेघ परत शिकवायची होती, त्याला सपाट जागा पाहिजे. घरातली बाज झोळ मारलेली, टेबल डुगडुगतं. गया तेव्हा ओटा धुऊन उभी होती. तिनं पदरानं ओट्याचा एक कोपरा कोरडा केला आणि म्हणाली, "इथं ठेवा. माझ्या ओट्याएवढी सरळ जागा अख्ख्या गावात न्हाई."

"सासू म्हणाल्यावर मी काय पाणी ओतून बघणार होतो?" गणेशराव म्हणाले. "ठेवला. बटण दाबलं. कॅमेरा म्हणाला, झालं."

संगीता रबराचा दांडा हातात धरून हसायला लागली. हसता हसता खाली बसली, ओल्या फरशीवरच, आणि पदर तोंडाला लावला. मग ती हसत नव्हती.

गणेशरावांनी हात पुढं केला. "द्या मामा, या फरशीवर ठेवून आत्ता सरळ करतो. एक मिनिटाचं काम."

मी कॅमेरा पोटाशी धरला. राहू द्या म्हणलं.

"खोटाच ठेवणार?"

"खोटा न्हाई तो," मी म्हणलं. "तिनं सांगितलं ते धरून बसलाय."

निघताना गणेशराव बसपर्यंत सोडायला आले. मी त्यांच्यासाठी चहा सांगितला. त्यांनी कपाकडं बघितलं, मग माझ्याकडं. बहुतेक त्यांना बी संशय आला. पण प्याले.

घरी

आल्या आल्या कुलूप काढायच्या आधी कॅमेरा ओट्यावर ठेवला. भिंतीपाशी, तिनं पुसला असेल त्या कोपऱ्यात. रेघ हिरवीगार. नांदेडचा काउंटर, एसटी, औशाचा तट, लातूरची फरशी, कुठं म्हणून ती अशी थांबली नव्हती.

फोटो कापला न्हाई. बोटं तिचीच, पावलं तिचीच. दाराजवळच्या भिंतीवर एक खिळा ठोकला, फ्रेम अडकवली, कॅमेरा फ्रेमच्या वरच्या पट्टीवर टेकवून धरला. रेघ पिवळी. मग फ्रेमचा उजवा कोपरा हळूहळू खाली घेतला. रेघ हिरवी झाली तिथं हात थांबवला आणि मागं सरकून बघितलं. फ्रेम वाकडी, पण आतली चौकट सरळ उभी, भिंत सरळ, आणि दारात गया ताठ. फ्रेम परत फिरू नये म्हणून खालून आणखी दोन खिळे ठोकले.

वर्षश्राद्धाला आक्का आली. चपला काढता काढताच म्हणाली, फोटो वाकडा झालाय, आणि हात वर केला. खिळ्यांमुळं फ्रेम हलली न्हाई. मी तिच्या हातात झेंडूचा हार दिला. तिनं तो वरच्या खिळ्याला लटकवला. हार फोटोच्या काचेवरून खाली लोंबला, किल्ल्यांच्या जुडग्यासारखा थोडा हलला आणि थांबला. फ्रेमच्या कडेशी त्याचं काही जमेना. पण गयाच्या बोटाखालची चौकट आणि हार, दोन्ही एका ओळीत वरपासून खालपर्यंत.

आक्का एक पाऊल मागं आली. हाराकडं बघितलं, चौकटीकडं बघितलं, मग गयाकडं.

"ताठच हाय की रे," ती म्हणाली, आणि पदर डोक्यावर घेऊन नमस्कार केला.

पाहुण्यांपैकी अजून कुणाकुणाचा हात फ्रेम सरळ करायला वर जात होता. म्हणून मी दाराजवळ, फोटोखालीच बसून राहिलो.